बसल्या फांदीवरून उतरण्याची विद्या : लाइव्ह लिनक्स आणि डिस्क-दुरुस्तीची तीस वर्षे

१/
१९९१ सालच्या अखेरीस हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या संगणकाला मोडेमवरून क्रमांक फिरवण्याचा आदेश दिला. आदेशात एक नाव चुकले. मोडेमच्या जागी हार्ड डिस्कच्या पार्टिशनचे नाव गेले आणि मोडेमसाठीची अक्षरे थेट डिस्कवर लिहिली गेली. ज्या मिनिक्स प्रणालीवर तो रोजचे काम करीत असे, तिचे पार्टिशन निकामी झाले. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्याने स्वतःच्या अर्ध्याकच्च्या लिनक्सवरच पुढचे सारे काम करण्याचे ठरवले.

२/
लिनक्सच्या बाल्यावस्थेतील हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला जातो. त्यामागचा प्रश्न मात्र गमतीचा नाही. ज्या डिस्कवरून संगणक चालतो तीच बिघडली, तर दुरुस्ती करणाऱ्याने उभे राहायचे कोठे? या प्रश्नाला मिळालेले उत्तर म्हणजे लाइव्ह लिनक्स, अर्थात डिस्कवर न बसवता फ्लॉपी, सीडी किंवा पेनड्राइव्हवरून थेट चालणारी प्रणाली. आज अशा प्रणाली डझनांनी उपलब्ध आहेत. त्यांतील कोणती, केव्हा निवडावी हे समजण्यासाठी त्या कोणत्या गरजेतून जन्मल्या हे पाहणे उपयोगाचे ठरते. या इतिहासाचा धडा असा की, बिघडलेल्या डिस्कला जी प्रणाली कमीत कमी स्पर्श करते, ती त्या घटकेला उत्तम.

३/
चालू संगणकाची डिस्क क्षणभरही स्वस्थ नसते. नोंदी लिहिल्या जातात, तात्पुरत्या फाइल्स तयार होतात, स्मृती अपुरी पडल्यास स्वॅपमध्ये मजकूर जातो. ज्या पार्टिशनवर प्रणाली उभी असते ते अनमाउंट करता येत नाही. ते चालू असताना एफएससीकेने दुरुस्त करू पाहणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे होय, कारण दुरुस्ती करणारा आणि वापरणारा एकाच वेळी एकाच वहीत खाडाखोड करीत असतात. हटवलेल्या फाइलची गोष्ट याहून नाजूक आहे. साध्या हार्ड डिस्कवर फाइल हटवली की बहुधा तिची नोंद तेवढी जाते. मजकूर जागेवरच राहतो आणि त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो परत मिळण्याची आशा असते. चालू संगणकाची प्रत्येक नवी नोंद ती आशा कुरतडत असते.

४/
१९९२ च्या आरंभी एच. जे. लू यांनी लिनक्ससाठी दोन फ्लॉपींची एक जोडी सिद्ध केली. पहिली ‘बूट’ फ्लॉपी कर्नल चढवी. मग ती काढून दुसरी ‘रूट’ फ्लॉपी घालायची, की मोजक्या आज्ञा हाताशी येत. हार्ड डिस्कवरून लिनक्स सुरू करायचे तर त्या काळी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधील बाइट हाताने बदलावे लागत. त्यामुळे फ्लॉपीवरून चालणारी प्रणाली ही आरंभी सोय नव्हती, निरुपायाने धरलेली वाट होती. पण त्याच वाटेने एक गोष्ट सिद्ध झाली. डिस्कच्या बाहेर पाऊल रोवता आले, तर डिस्कवर हवे ते काम करता येते.

५/
त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील यग्द्रसिल कंपनीने सीडीवरून चालणारे लिनक्स बाहेर काढले. कंपनीचे संस्थापक अ‍ॅडम रिक्टर. कल्पना काळाच्या पुढे होती आणि यंत्रे मागे होती. तेव्हाचे वैयक्तिक संगणक सीडीवरून सुरूच होत नसत, आरंभासाठी फ्लॉपी लागेच. ही अडचण फिनिक्स व आयबीएम यांनी मिळून तयार केलेल्या आणि १९९५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या ‘एल टोरिटो’ या मानकाने दूर केली. संगणकाच्या बायॉसने सीडीवरून बूट कसे करावे हे त्यात ठरवून दिले होते. मानकाला नाव मिळाले ते कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील एका मेक्सिकन खाणावळीचे.

६/
सीडी सर्वत्र पोहोचेपर्यंत तंत्रज्ञांच्या खिशात एकच फ्लॉपी असे. टॉम ओह्सर यांच्या ‘टॉम्स रूट बूट’ने हा प्रकार टोकाला नेला. १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी नेहमीपेक्षा अधिक ट्रॅक व सेक्टर पाडून १.७२२ मेगाबाइटपर्यंत ताणलेली होती आणि तीत कर्नल, संपादक, डिस्क तपासण्याची साधने, एवढेच काय पण नेटवर्कची सोयही कोंबलेली होती. येथे सौंदर्याला जागा नव्हती. कोणते साधन राहील आणि कोणते जाईल हे एकाच कसोटीवर ठरे. मध्यरात्री बंद पडलेल्या सर्व्हरसमोर बसलेल्या माणसाला ते लागेल का?

७/
१९९९ मध्ये लिनक्सकेअर या अमेरिकी कंपनीने व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीवर बचाव-प्रणाली वाटायला सुरुवात केली. या छोट्या सीडीत सुमारे ५० मेगाबाइट मजकूर मावे. एवढ्याशा जागेत अधिक साधने बसावीत म्हणून रस्टी रसेल यांनी ‘क्लूप’ नावाची युक्ती लिहिली. संपूर्ण फाइल सिस्टीम दाबून सीडीवर ठेवायची आणि वाचताना लागेल तेवढाच तुकडा स्मृतीत उलगडायचा. पुढच्या लाइव्ह प्रणालींचा पाया या युक्तीवर रचला गेला. लहान कोठारात मोठा संसार मांडण्याची ही कला नसती, तर लाइव्ह लिनक्स फ्लॉपीच्या दारिद्र्यातून बाहेर येते ना.

८/
२००० साली जर्मनीत क्लाउस क्नॉपर यांनी क्लूपचा उपयोग करून डेबियनवर आधारलेली ‘क्नॉपिक्स’ प्रसिद्ध केली. आपली नेहमीची साधने लॅपटॉपऐवजी एका सीडीत सोबत नेता यावीत, हा त्यामागचा साधा हेतू. ७०० मेगाबाइटच्या सीडीत सुमारे दोन गिगाबाइटची सॉफ्टवेअरे मावली. संगणकाचे हार्डवेअर ती आपणहून ओळखे आणि काही मिनिटांत पूर्ण डेस्कटॉप समोर येई. ‘टूरॅम’ हा शब्द बूटच्या वेळी दिला की सारी प्रणाली स्मृतीत चढे व सीडी काढून घेता येई. २००५ मध्ये युनियनएफएसचा स्वीकार झाला. वाचनापुरत्या सीडीवर स्मृतीचा एक लिहिता थर पांघरला गेला, आणि केलेले बदल संगणक बंद होताच विरून जाऊ लागले.

९/
क्नॉपिक्सने लाइव्ह लिनक्स तज्ज्ञांच्या खिशातून सामान्यांच्या टेबलावर आणली. भारतात तेव्हा इंटरनेट मंद व महाग होते. ७०० मेगाबाइट उतरवून घेणे ही चैन होती. पीसीक्वेस्टसारख्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडींतूनच येथील अनेकांची लिनक्सशी पहिली ओळख झाली. विंडोज सुरू होत नाही, पण डिस्कवरचे फोटो आणि प्रबंध शाबूत आहेत, हा दिलासा अशा सीडीमुळे प्रथमच घरी बसून मिळू लागला. क्नॉपिक्स डिस्कवरील पार्टिशने केवळ वाचनापुरती उघडी, ही तिची सभ्यता विशेष उल्लेखनीय होती.

१०/
तरी एक भिंत उभी होती. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम लिनक्सला वाचता येई, पण तिच्यावर निर्धास्तपणे लिहिता येत नसे. २००३ मध्ये चेक प्रोग्रामर यान क्राटोखविल यांनी ‘कॅप्टिव्ह’ हा अफलातून उपाय काढला. मायक्रोसॉफ्टचाच चालक लिनक्समध्ये जणू बंदिवान ठेवून त्याच्याकडून काम करून घ्यायचे. पुढे हंगेरीचे साबोल्च साकाचिच यांच्या एनटीएफएस-३जी या चालकाची स्थिर आवृत्ती २००७ मध्ये आली आणि भिंत पडली. २०२१ मध्ये तर पॅरागॉन कंपनीने दिलेला एनटीएफएस चालक थेट कर्नलमध्येच सामावला गेला.

११/
दरम्यान न्यायवैद्यक तपासणी करणाऱ्यांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट समोर आणली. ‘वाचनापुरते’ याचा अर्थ ‘स्पर्शरहित’ असा होत नाही. ईएक्सटी३ सारख्या जर्नल राखणाऱ्या फाइल सिस्टीममध्ये अर्धवट राहिलेले व्यवहार असतील, तर वाचनापुरते माउंट करतानाही कर्नल ते आधी पूर्ण करतो, म्हणजे डिस्कवर लिहितो. डिस्कवर स्वॅप पार्टिशन दिसले की क्नॉपिक्स ते वापरायला घेई. ते टाळण्यासाठी ‘नोस्वॅप’ हा शब्द द्यावा लागे. पुराव्याची डिस्क असेल तर हा बदल घातक. म्हणून क्नॉपिक्सवरच बेतलेल्या ‘हेलिक्स’ने आपणहून माउंट करणे आणि स्वॅप घेणे बंद केले. इटलीत २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘केन’ने तर पुढच्या आवृत्त्यांत प्रत्येक डिस्क मुळातच कुलूपबंद ठेवण्याचे धोरण अंगीकारले.

१२/
हा धडा घरगुती वापरालाही लागू पडतो. फाइल्स परत मिळवायच्या असताना, दिसेल ते पार्टिशन उघडून बसणारी देखणी डेस्कटॉप प्रणाली सोयीची वाटते, पण सुरक्षित असेलच असे नाही. याच सुमारास लाइव्ह प्रणालींची कामानुसार विभागणी झाली. फ्रान्समधील फ्रांस्वा द्यूपू यांनी २००३ मध्ये ‘सिस्टमरेस्क्यूसीडी’ सुरू केली. आरंभी ती जेंटूवर उभी होती, २०१९ मधील सहाव्या आवृत्तीपासून ती आर्च लिनक्सवर आली आणि आज ‘सिस्टमरेस्क्यू’ या नावाने ओळखली जाते. दुरुस्तीची जवळजवळ सारी साधने एका पेटीत, आणि दिखाऊपणा शून्य, हे तिचे स्वरूप.

१३/
पार्टिशन लहानमोठे करण्यासाठी जीपार्टेड हे साधन २००४ मध्ये आले. त्याच्याच भोवती गुंफलेली ‘जीपार्टेड लाइव्ह’ ही छोटी डेबियन-आधारित प्रणाली आज त्या एका कामासाठी सर्वांत सरळ निवड होय. मात्र पार्टिशन सरकवणे म्हणजे मजकूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवणे. मध्येच वीज गेली तर जुनी जागाही अपुरी आणि नवीही अपुरी, अशी गत होते. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असणे आणि घरगुती संगणकामागे यूपीएस असणे ही यातील पहिली पायरी. मजकुराची प्रत आधीच दुसरीकडे काढलेली असणे ही त्याहून आधीची.

१४/
तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात स्टीव्हन शियाउ आणि सहकाऱ्यांनी ‘क्लोनझिला’ घडवली. एका डिस्कची हुबेहूब प्रत काढणे हे तिचे काम. ती वेगवान आहे, कारण नेहमीच्या रीतीत ती डिस्कवरील वापरात असलेले तुकडेच उचलते, रिकामी जागा सोडून देते. निरोगी डिस्क बदलताना हाच तिचा गुण. परंतु हटवलेली फाइल त्या ‘रिकाम्या’ जागेतच पडलेली असते! ती शोधण्यासाठी अशी प्रत घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. प्रत निघते, पण हवे ते तिच्यात नसते.

१५/
मरणपंथाला लागलेल्या डिस्कसाठी निराळे साधन लागते. २००४ मध्ये अँटोनियो दियास दियास यांनी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ लिहिले. त्याचे शहाणपण त्याच्या क्रमात आहे. खराब भाग आला की तेथे झगडत बसायचे नाही. त्याला वगळून पुढे जायचे, आधी सहज वाचता येईल ते सारे सुरक्षित करायचे, आणि मग उरलेल्या जखमांकडे वळायचे. कोठे काय वाचले याची नोंद एका नकाशा-फाइलमध्ये राहते, त्यामुळे काम थांबवून दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे नेता येते. आजारी डिस्कच्या प्रत्येक फेरीत तिचे आयुष्य झिजते. म्हणून पहिली फेरी सर्वांत मोलाची. अशा डिस्कवर आधी एफएससीके चालवणारा माणूस अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला धावायला लावतो.

१६/
प्रत हाती आली की शोध सुरू होतो, तोही प्रतीवर, मूळ डिस्कवर नव्हे. फ्रान्सचे ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचे ‘टेस्टडिस्क’ हरवलेली पार्टिशने शोधून काढते. त्यांचेच ‘फोटोरेक’ फाइल सिस्टीमकडे पाहतच नाही. जेपेग, पीडीएफ अशा प्रत्येक प्रकाराच्या आरंभीची ठराविक बाइटखूण ओळखून ते फाइली वेचते. हाती येते ते बिननावाचे असते, फोल्डरांची मांडणी हरवलेली असते, पण मजकूर असतो. सापडलेली फाइल त्याच डिस्कवर साठवू नये, हा येथील अलिखित नियम. विहिरीतून काढलेले पाणी विहिरीच्या काठावरच सांडायचे नसते.

१७/
डिस्क आजारी आहे की फक्त गोंधळलेली, हे कळायचे कसे? डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या यंत्रणेत ठेवते. ती वाचणारी ‘स्मार्टमॉनटूल्स’ ही साधने २००२ मध्ये ब्रूस अ‍ॅलन यांनी सुरू केली. ते पदार्थवैज्ञानिक, विषय गुरुत्वीय लहरींचा. हिंगोली जिल्ह्यात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया प्रयोगशाळेमुळे मराठी वाचकांना परिचित असलेला हाच तो विषय. त्या संशोधनाला संगणकांचे मोठे समूह आणि शेकडो डिस्का लागत, आणि त्यांवर लक्ष ठेवण्याच्या गरजेचा लाभ पुढे साऱ्या जगाला झाला. तथापि २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी लक्षापेक्षा अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बंद पडलेल्या कित्येक डिस्कांनी आधी कोणताच इशारा दिला नसल्याचे दिसले. स्मार्टने धोका सांगितला तर मानावा. तो गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

१८/
२०१२ पासून परिस्थिती पुन्हा पालटली. विंडोज ८ सोबत आलेल्या संगणकांत सिक्युअर बूट रुजले आणि मान्य स्वाक्षरी नसलेली लाइव्ह प्रणाली दारातच अडू लागली. त्याच विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’ केलेला संगणक प्रत्यक्षात अर्धनिद्रेत राहतो. अशा एनटीएफएस पार्टिशनवर बाहेरून लिहिणे धोक्याचे, म्हणून एनटीएफएस-३जी तसे करण्यास नकार देते. तो नकार मोडू नये. विंडोज पुरते बंद करावे. एसएसडीमध्ये ‘ट्रिम’ची आज्ञा हटवलेल्या जागा रिकाम्या झाल्याचे डिस्कला कळवते, आणि त्यानंतर फोटोरेकच्या हाती बहुधा शून्यच लागते. सांकेतिक कुलूप घातलेली डिस्क असेल, तर किल्लीवाचून कोणतीही लाइव्ह प्रणाली हतबल आहे.

१९/
या साऱ्या प्रवासातून निवडीचा क्रम आपोआप निघतो. पहिला प्रश्न डिस्कच्या प्रकृतीचा. खरखर ऐकू येत असेल, वाचताना चुका होत असतील, तर सिस्टमरेस्क्यू आणि तीतील डीडीरेस्क्यू, दुसरे काही नाही. दुसरा प्रश्न कामाचा. निरोगी डिस्क बदलायची तर क्लोनझिला, पार्टिशनची मांडणी बदलायची तर जीपार्टेड लाइव्ह, हरवलेले शोधायचे तर आपणहून काही माउंट न करणारी प्रणाली आणि टेस्टडिस्क. पुरावा जपायचा तर केन. तिसरा प्रश्न यंत्राचा. ते सिक्युअर बूट मागते का, आणि प्रणाली पूर्ण स्मृतीत चढवण्याइतकी स्मृती त्यात आहे का? प्रणालीचे नाव किती गाजलेले आहे, हा प्रश्न या यादीत कोठेच येत नाही.

२०/
एवढे होऊनही एक दुबळी जागा शिल्लक राहते, ती म्हणजे आज्ञा देणारा माणूस. ‘डीडी’ या जुन्या आज्ञेत स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली की भरलेली डिस्क कोऱ्या डिस्कने पुसली जाते. तंत्रज्ञांनी तिला ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हटले ते उगाच नव्हे. लाइव्ह प्रणालीत हा धोका वाढतो, कारण पेनड्राइव्ह जोडल्यावर एसडीए, एसडीबी ही नावे कालच्याच डिस्कांना मिळतील याची शाश्वती नसते. क्लोनझिला लिहिण्यापूर्वी दोनदा विचारते, ते यासाठीच. उत्तर देण्याआधी डिस्कचे मॉडेल आणि आकार मोठ्याने वाचावा. बाहेर उभे राहण्याची सोय तीन दशकांच्या कष्टांनी मिळाली आहे. थांबण्याची सवय मात्र ज्याची त्याने लावून घ्यायची. आणि बॅकअप? तो डिस्क चालू असतानाच घ्यायचा असतो, बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नाही.